गोळी आणि तीर्थ यांच्यातला अर्धा तास

मी दत्तमहाराजांवर रुसले होते. साठीला टेकलेल्या, जन्मभर शाळेत मुलांना शिस्त लावलेल्या बाईने देवावर रुसावे, हे लिहितानासुद्धा ओशाळायला होते. पण रुसले होते हे खरे, आणि रुसवा होता एका गोळीवरून.

थायरॉईड मंदावल्याचे कळून मला बरीच वर्षे झाली. सकाळी उठले की पाण्याबरोबर एक गोळी घ्यायची, एवढाच काय तो आजार. मग नेहमीच्या कंपनीची गोळी दुकानात मिळेनाशी झाली आणि डॉक्टरांनी दुसऱ्या कंपनीची लिहून दिली. औषध तेच आहे, फक्त कंपनी वेगळी, दोन महिन्यांनी रक्त तपासू, असे ते म्हणाले. माझे मन काही मानेना. मला तर त्या नव्या बाटलीचे झाकणसुद्धा परके वाटे.

मग मी माझ्या परीने तोड काढली. बाटली देवघरात महाराजांच्या तसबिरीपुढे ठेवली, तिला हळदीकुंकू वाहिले आणि ठरवले, ही गोळी पूजा झाल्यावर तीर्थाबरोबरच घ्यायची. आमच्याकडे सासूबाईंच्या वेळेपासून रोज पंचामृताचा अभिषेक असतो. ते पळीभर पंचामृत हातावर घ्यायचे, त्यात गोळी, वर नमस्कार. महाराजांचा हात लागला की परकी गोळीही आपली होईल, असा माझा भाव होता. डॉक्टरांच्या कानावर यातले काही घालावे असे मनातही आले नाही. देवघरातल्या गोष्टी दवाखान्यात कोण सांगते?

दोन महिन्यांत तब्येतीने मान टाकली. पायांवर सूज, सकाळी दहालाच पेंग, उन्हात बसूनही हुडहुडी. सगळ्यात वाईट म्हणजे आवाज बसला. नगरच्या सावेडी भागातल्या आमच्या कॉलनीच्या मंदिरात दत्तजयंतीच्या सप्ताहात बायका पोथी वाचतात आणि पहिला अध्याय वर्षानुवर्षे माझाच असतो. त्या वर्षी दुसऱ्या पानावर माझा आवाज घोगरा होऊन थांबला. शेजारच्या सुनेने, "काकू, द्या इकडे, मी वाचते," म्हणत पोथी पुढे ओढली. तिने मायेनेच केले, पण मला ताटावरून उठवल्यासारखे झाले. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले.

रक्ताचा अहवाल वाईट आला. डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली, तरी बरे वाटेना. तेव्हा मी मनाशी ठरवून टाकले, आता शेवटची तपासणी करायची आणि तीही वाईट आली तर गोळी कायमची बंद. पुढचे महाराज पाहतील. याला मी शरणागती म्हणत होते, पण होता तो रुसवाच.

तपासणीच्या दिवशी रक्त देऊन मी लॅबच्या बाकावर टेकले. चार-पाच बायका बसल्या होत्या आणि बोलणे थायरॉईडचेच चालले होते. एकीचे केस गोळी बदलल्यापासून गळत होते, एकीला काहीच फरक पडला नव्हता, एक म्हणाली मला तर नवीच मानवली. मी केस गळणारीचे तेवढे मन लावून ऐकले. मग पिशवीतून स्टीलची डबी काढली. सकाळचे पंचामृत मी बरोबर आणले होते. डबी उघडून कुंकू लागलेली बाटली हातात घेतली, तेवढ्यात शेजारच्या बाईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बाई, ते दुधाचं हाय का?"

माझ्याच वयाची असेल. डोक्यावरून ओढणी, बोटाला शिवणकामाने पडलेले घट्टे. नाव शकीला, मूळची नेवाशाकडची, नगरमध्ये ब्लाउज शिवते, हे मला नंतर कळले. मी जरा तुटकपणेच म्हणाले, "तीर्थ आहे ते. पंचामृत."

"तीर्थाला मी काय म्हनत न्हाई. पन त्यात दूध-दही हायच ना? ही गोळी दुधासंगं अंगाला लागत न्हाई बाई. मी बी चहासंगं घेत हुते, लई दिवस. आमच्या डॉक्टरीनबाईंनी अशी खरडपट्टी काढली माजी!"

मला राग आला. आमच्या तीर्थाने औषध बिघडते हे मला ही सांगणार? ती मात्र उठली, कोपऱ्यातल्या फिल्टरचे पाणी पेल्यात भरून आणले आणि माझ्यापुढे धरले. "आदी निस्त्या पान्यासंगं गोळी. अर्धा तास, जमलं तर तासभर थांबा. मंग तीर्थ घ्या, नाश्ता करा. रमजानात मी उठल्या उठल्या गोळी घेते, भाकऱ्या थापते आन् रोज्याआदीचं खानं, सहरी, सगळ्यात शेवटी करते. अल्लाला ठावं हाय, माजी गोळी कवा असती ते." मग म्हणाली, "पन मी काय डॉक्टर न्हाई. तुमी हे सगळं त्यांना सांगा. लपवू नका."

त्या शेवटच्या वाक्याने माझा राग उतरला. मी डबीचे झाकण लावले आणि तिच्या हातचे पाणी घेऊन गोळी गिळली. पुढचा अर्धा तास ती माझ्याजवळ बसून राहिली. तिचे काम केव्हाच झाले होते, घरी शिवण पडले होते, तरी बसली. अशी माणसे मी शाळेत घडवू पाहिली. ही शाळेची पायरी न चढता तशी झाली होती.

अहवाल वाईटच आला. पण मी गोळी बंद केली नाही. डॉक्टरांना पंचामृतासकट सगळे सांगितले. ते हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. मात्रा न वाढवता नुसत्या पाण्याबरोबर गोळी घ्या आणि दोन महिन्यांनी या, म्हणाले. दोन महिन्यांनी त्यांना मात्रा उलट कमी करावी लागली. पायांची सूज गेली आणि पुढच्या दत्तजयंतीला पहिला अध्याय मी एका बैठकीत वाचला. शेजारच्या सुनेने पाणी आणून ठेवले होते, त्याला हात लावावा लागला नाही. गोळी तीच होती, जिला मी परकी म्हणत होते.

हा चमत्कार आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी रोज महाराजांना या गोळीत उतरा म्हणून विनवत होते आणि ते माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले, असे मला वाटते. शकीलाभाभींना हे सांगितले, तर त्या कानांना हात लावून म्हणाल्या, "तोबा! मी साधी शिवनारी बाई."

परवा त्यांचा फोन आला. आता त्यांच्या गोळीची कंपनी बदलली आहे. आवाजात धाकधूक होती. मी म्हटले, "भाभी, डॉक्टरांना विचारू, वेळेवर रक्त तपासू. त्या दिवशी मी येते." त्या म्हणाल्या, "याच. आन् तुमच्या देवाच्या कानावर बी घाला."

हल्ली पहाटे पाण्याबरोबर गोळी घेते आणि पूजेआधीचा अर्धा तास देवघरासमोर नुसती बसते. हातात पळी नसते, तोंडात मागणे नसते. महाराजांना काय करावे हे सांगण्याची माझी जुनी सवय त्या अर्ध्या तासात गळून पडली आहे. फक्त एकदा शकीलाभाभींचे नाव घेते आणि मग गप्प बसते.