धानात टांगलेले ड्रायव्हर

सर्वरमधी जीव नव्हता, कप्प्यात सीडी नव्हती, अन् मी फोनवर सांगून राहिली होती, "हो जी, टाकली सीडी!"

कडेवर दीड वर्षाची पिंकी, ती रडून राहिली. खांदा अन् कानाच्या मधात मोबाइल दाबलेला. समोर माही ननंद छाया, ती माह्याकडे अशी पाहून राहिली का जसा मी तिच्या डोळ्यासमोर कोनाचा खूनच करून राहिली! अन् तिकडं गोंदियाहून हे (हे म्हणजे पिंकीचे बाबा) इचारून राहिले,

"सीडीचा घर्र आवाज आला का?"

"आला जी, घर्र आला."

आवाज काहाचा? पिंकीच्या नाकाचा होता तो!

पहिले सांगते का झालं, नाईतं तुमाले वाटन का ही बाई जन्माचीच खोटारडी. तशी नाई मी. भेलं का तोंडातून आपोआप खोटं निघते, एवढंच.

आमचं गाव तिरोड्याहून बोदलकशाच्या रस्त्यानं. समोरच्या खोलीत यांचं दुकान. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, फोटो. चार कम्प्युटर, त्यातला एक मोठा, त्याले हे सर्वर म्हणत. इंटरनेटची निळी तार पहिले त्याच्यात येते, मंग तो बाकी तिघायले वाटते. म्हणजे घरातला मोठा भाऊच! तो आजारी पडला का सारे उपाशी. तं हा मोठा भाऊ आठ दिवसापासून चालता चालता मधातच बंद पडे. म्हणून यांनी आदल्या दिवशी त्याले फॉर्मॅट मारला. फॉर्मॅट म्हणजे त्याच्या डोक्यातलं सारं पुसून टाकलं. आता त्याले प्रिंटर माहीत नाई, आवाज माहीत नाई, इंटरनेट कोन्या झाडाचा पाला तेही माहीत नाई.

"ड्रायव्हर टाकले का सारं वळखते तो," हे म्हणाले. "प्रत्येक सामानाची येगळी सीडी राहते. कप्प्यात हायेत. गोंदियाहून आलो का टाकतो. तू कशाले हात लावू नको."

मी हात लावलाच नाई. (सर्वरले नाई. कप्प्याचं येगळं, ते सांगतेच.)

सकाळी हे गाडी घेऊन गेले, एक मॉनिटर दुरुस्तीले न्यायचा होता. अकराच्या सुमाराले छाया धापा टाकत आली. "वहिनी! जंगलाच्या भरतीच्या फॉर्मची तारीख उद्या नाई वं, आजच हाय! मैत्रिनीचा फोन आला. पाच वाजेपर्यंत!"

मले घामच फुटला. कारण छायाचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी वय निघून जाते. ही पोरगी दोन वर्षं झाले पहाटे तलावाच्या पाळीवर धावून राहिली, वनरक्षकाच्या भरतीत धावावं लागते म्हणून. अन् मामाजींनी (मामाजी म्हणजे माहे सासरे) रोकठोक सांगून ठेवलं होतं, "औंदा झालं तं झालं, नाईतं पाहुने पाहाले बोलावतो." आणखी एक. पिंकीच्या वेळी मले दवाखान्यात नेलं ते याच छायानं, सायकलच्या डंडीवर बसवून. मी लग्न होऊन आली तेव्हा आठवी शिकेल, माऊस कधी हातात धरेल नव्हता. तोही तिनंच धरून शिकवला. तिचा फॉर्म माह्यामुळं राहिला तं मी तोंड कुठं दाखवू?

तिरोड्याची बस निघून गेली होती, दुसरी संध्याकाळी. म्हणून यांना फोन लावला.

"घाबरू नको," हे म्हणाले. "मी सांगतो तसं कर. सर्वर चालू कर. आता कप्पा उघड. लाल पेनानं 'लॅन' लिवलेली, नेटची सीडी काढ. काय दिसते?"

मी कप्पा उघडला.

"दिसते जी... पांढरं पांढरं दिसते."

ते पिंकीचे लंगोट होते.

झालं असं का, आठ दिवसापहिले मामाजी आले. धान भरून राहिला होता, दाना दुधावर, अन् पोपटाचे थवे सकाळपासून वावरात. "सूनबाई, त्या चमकन्याऱ्या चकत्या हायेत का तुमच्या दुकानात? वावरात टांगल्या का पाखरं भेतात. साऱ्यायच्या वावरात हायेत, आपल्याच नाईत." मी कप्पा उघडला. पन्नासेक सीड्या, धूळ खात पडेल. हे तं आता सारं पेनड्राइव्हनंच करत! अन् माह्या मनात कितीक दिवसाचं होतं का हा कप्पा भेटला तं पिंकीचे लंगोट बराबर मावतीन. मी दोन्ही हातानं उचलून देल्या. वरून म्हटलं, "मामाजी, आणखी लागल्या तं सांगजा!"

आता खरं सांगून टाकलं असतं तं? पण तुमी आमच्या यांना वळखत नाई. हे मारत नाईत, रागवत नाईत. हे चूप राहतात. एकदा माह्या हातानं प्रिंटरमधी चहा सांडला तं तीन दिवस चूप होते. त्या तीन दिवसात मी साडेचार किलोनं उतरली! म्हणून तोंडातून निघालं, "हो जी, टाकली सीडी!"

"शाबास. आता पडद्यावर पिवळे प्रश्नचिन्ह हायेत ना, ते कमी झाले का?"

पडद्यावर सात प्रश्नचिन्ह. टरबुजाएवढे. एकही हाललं नव्हतं.

"एक गेलं जी."

"एकच?"

"...दोन गेले."

छायानं कपाळाले हात मारला. मी मोबाइलवर हात ठेवून तिले हळूच सांगितलं, "सायकल घे अन् वावरात जाय! लाल पेनानं लिवलेली आन!"

"वहिनी, दादाले सांगून टाक ना वं."

"तू जाय ना!"

ती गेली. इकडं माही परीक्षा चालूच. तिकडं यांच्यामागं मॉनिटर दुरुस्तीवाल्या दुकानदाराचा आवाज येई, "भैया, भाभीजी को बोलो एक बार रिस्टार्ट मारे." हे म्हणाले, रिस्टार्ट कर. ते मी खरंच केलं. तेवढंच एक काम मी दिवसभरात खरं केलं. अन् म्हटलं, "आता बराबर होऊन राहिलं जी, तुमी तुमचं काम करा, नेट आलं का मी फोन करते," अन् फोन ठेवला. हुश्श केलं. आता फक्त सीडी आली का झालं!

छाया अर्ध्या तासानं आली. संगं मामाजी. मामाजीच्या हातात दोरीत ओवलेली माळ, अन् चेहरा असा का जसं कोनी त्यांचा बैलच सोडून आनला.

"पोपटं येतीन ना सूनबाई! मी आत्ता काढल्या तं आत्ताच उतरले दोन थवे! कायले पाहिजे तुले?"

"मामाजी, यांच्या कामाच्या होत्या त्या."

"मंग देल्या काऊन?"

मामाजी म्हणाले, "चमकन्यारं दुसरं काही दे, तवाच सोडतो." मी सैपाकघरात गेली अन् माहेरची सारी स्टीलची ताटं आनून त्यांच्या हातात देल्ली. वाट्याबी देल्या. चाळणीबी देल्ली. मामाजी खूश होऊन वावरात गेले. (दुपारी आमी भात गंजातूनच, म्हणजे पातेल्यातूनच खाल्ला.)

मंग मी माळ हातात घेतली. लिवलेलं कुठंच नाई! दोन्हीकडून नुसती चकाकी! सीडीले एका अंगाले चकाकी अन् एका अंगाले नाव राहते ना? इथं पाहावं तं दोन्ही अंगाले आरसा.

"बाबांनी चिकटवल्या वं," छाया म्हणाली. "दोन-दोन सीड्या, पाठीले पाठ लावून. म्हणे पाखरू इकडून आलं तरी भेलं पाहिजे अन् तिकडून आलं तरी."

"काहानं चिकटवल्या?"

"डिंकानं."

धावड्याच्या डिंकानं! तो माह्या बाळंतपणाच्या लाडवाचा उरलेला डिंक होता! माहेरून आला होता, डब्यात ठेवला होता, अन् मी आपली पिंकीचे बाबा खाऊन राहिले असं समजून गप्प बसली होती!

दीड वाजला. घमेल्यात गरम पानी केलं, सीड्या भिजवल्या. मी अन् छाया चाकूनं एकेक जोडी सोडवून राहिलो. काही सुटल्या. काहींची चकाकी डिंकाले चिकटून आली अन् हातात नुसती आरपार काच. त्यातून पलीकडची छाया दिसे, अन् छायाच्या डोळ्यात पानी दिसे. ती काही बोलली नाई. बोलली असती तं बरं झालं असतं. भावासारखीच हाय ती!

लाल पेनाचं नाव तं पान्यात केव्हाच धुऊन गेलं होतं. पानी गुलाबी झालं, एवढाच त्याचा पुरावा. मंग काय, एकेक पदरानं पुसायची अन् सर्वरमधी घालून पाहायची.

पहिली सीडी रिकामी. दुसरी प्रिंटरची. (प्रिंटर घेऊन काय चाटू?) तिसरी घातली तं पडद्यावर माहं लग्न! बिदाईचा टाइम, मी तोंड एवढं उघडून रडून राहिली, माय रडून राहिली, मावश्या रडून राहिल्या, पण आवाज कोनाचाच नाई. काऊन का आवाजाचा ड्रायव्हरबी धानातच होता! पिंकी तेवढी टाळ्या वाजवे.

तेवढ्यात फोन. "अवं, नेट आलं का? फोन नाई केला तू."

"येऊनच राहिलं जी, दारात आलं."

"दारात?"

"म्हणजे... पिवळं एकच राहिलं आता."

"मंग फॉर्म भराले बसव छायाले. तीन वाजले ना!"

तीन वाजले! छाया भिंतीले टेकून खाली बसली. तिचे फोटो, सही, दाखले सारं पेनड्राइव्हमधी तयार, मुठीत घट्ट धरून ठेवेल. तिकडं मामाजी परत आले. "सूनबाई, ताटं वाऱ्यानं एकमेकावर आपटून राहिली, पोपटं तं पळाले पण शेजारचा म्हणते वरात कोनाची हाय! अन् फॉर्म गेला का?"

मामाजी छायाकडे पाहून म्हणाले, "नाई गेला तं नाई गेला बेटा. पाहुन्यायचा फोन येऊनच राहिला तसाही."

हे त्यांनी धीर द्याले म्हटलं होतं. छाया उठून मागच्या अंगनात निघून गेली.

मी घाईघाईत नववी सीडी घातली, ती पुरी सुटली नव्हती हे मले दिसलंच नाई. दोन सीड्या एकमेकीले चिकटेल, मधात ओला डिंक. सर्वरनं ती गिळली. घर्र झालं. (आता आला खरा घर्र!) मंग करकर झालं. मंग काहीच नाई. बटन दाबलं, बाहीर येत नाई. चाकू घातला, येत नाई. डिंकानं आपलं काम चोख केलं होतं. सव्वाचार झाले.

मी फोन लावला. अन् रडत रडत सारंच सांगून टाकलं. लंगोट, पोपटं, डिंक, ताटं, माहं लग्न, सारं एका दमात. (सीड्या कोनी देल्या, तेवढं मातर राहून गेलं.) शेवटी म्हटलं, "सर्वर मेला जी, छायाचा फॉर्म राहिला, मले माहेरी सोडून द्या."

तिकडं चूप. तेच ते चूप. मले दुकानदाराचा पंखाबी ऐकू आला.

मंग हे म्हणाले, "छायाले दे फोन."

छाया आली. फोन कानाले लावला. "हो. हो दादा. कोनती? निळी? हो." तिनं फोन ठेवला, सर्वरच्या मागची निळी तार उपटली अन् बाजूच्या दोन नंबरच्या कम्प्युटरमधी घुसवली. त्या कम्प्युटरचे सारे ड्रायव्हर जाग्यावर होते, त्याले कोनी फॉर्मॅटच नव्हता मारला. दादानं सांगेल पासवर्ड तिनं टाकला.

नेट आलं.

"एवढंच?" मी इचारलं.

"एवढंच."

छाया फॉर्म भराले बसली. बोटं कीबोर्डवर अशी पळत होती जशी ती पाळीवर पळे. पाचले आठ मिनिटं कमी असताना पडद्यावर नंबर आला, फॉर्म पोचला म्हणून. प्रिंट काढाले प्रिंटर चालू नव्हता, म्हणून तिनं तो नंबर माह्या हातावर पेनानं लिवला, अन् मंग माह्याच गळ्यात पडून अशी रडली का लग्नातली मी काहीच नाई! मामाजीही डोळे पुसून राहिले. मंग हळूच म्हणाले, "आता चकत्या मोकळ्या हायेत ना?"

रात्रीच्या जेवनाले हे आले. ताटात नाई, परातीत वाढलं. दोन घास खाल्ले अन् म्हणाले, "मले अकरालेच खरं सांगितलं असतं, तं साडेअकराले फॉर्म गेला असता. मले वाटलं सर्वर बराबर चालून राहिला, म्हणून तार काढ म्हणालो नाई. तूच तं म्हणे, दोन प्रश्नचिन्ह गेले."

मी मान खाली घालून ऐकलं. मनात पक्कं ठरवलं, आजपासून खोटं बंद. जे होईन ते होईन, खरंच बोलाचं.

तं यांनी पाण्याचा गिलास खाली ठेवला अन् इचारलं, "पण बाबाले त्या सीड्या देल्या कोनी?"

अन् माहं बोट आपोआप वर गेलं अन् पिंकीकडे झालं.

पिंकीनं माह्याकडे पाह्यलं, तिच्या बाबाकडे पाह्यलं, अन् जोरानं मान हालवून "हो" म्हटलं. आता दीड वर्षाची पोरगी सोताहून कबूल करून राहिली, तं माह्या जागी तुमी असते तं काय केलं असतं जी?