ठेवू का फेकू?

आमच्या घरात महत्त्वाचा कागद एकटा राहत नाही. मूळ प्रत लातूरला आमच्याकडे आणि तिची झेरॉक्स नांदेडला आत्याच्या कपाटात, हा वडिलांनी घालून दिलेला नियम आहे.

त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्या घराला फक्त एक तडा गेला. तो अजून आहे. त्याच्यावर आम्ही कॅलेंडर टांगतो. पण वडील शिक्षण खात्यात कारकून होते. भूकंपानंतर कित्येक महिने त्यांच्या टेबलासमोर दाखल्याची दुसरी प्रत मागणाऱ्यांची रांग असायची. घर गेलेलं, घरातली माणसं गेलेली, आणि आपण अमुक शाळेत अमुक इयत्ता पास झालो होतो हे कुणाला तरी दाखवायचं राहिलेलं. शाळेचं रजिस्टरही त्याच ढिगाऱ्यात. वडील याबद्दल घरी फारसं बोलले नाहीत. एका रविवारी मात्र त्यांनी घरातल्या झाडून सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढल्या, पिशवीत भरल्या आणि नांदेडच्या एसटीत बसले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "दोन प्रती एका छपराखाली ठेवायच्या न्हाईत."

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. नांदेडच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. तिनं कागदांची हिफाजत अशी केली की बँकेनं लाजावं. दर दिवाळीच्या साफसफाईत तिचा फोन यायचा.

"तुझं पोलिओचं कार्ड हाय इथं. ठेवू का फेकू?"

मी तेव्हा दोन मुलांचा बाप होतो. तरी वडील मागून म्हणायचे, "ठेव म्हणावं." वडील गेल्यावर हे वाक्य माझ्याकडे आलं. तेवढीच काय ती माझ्यावर पडलेली वडिलोपार्जित जबाबदारी, आणि ती मी बरी पार पाडत होतो.

मग घरात कॉम्प्युटर आला.

माझी बायको रसायनशास्त्र शिकवते. लातुरात तोवर गल्लीगल्लीत क्लासेस झाले होते, आणि ज्या घरात क्लास नव्हता त्या घरात क्लासच्या पोरांची मेस होती. ती एका मोठ्या क्लासमध्ये दहा-बारा वर्षं होती. तेवढ्या काळात तिनं स्वतःचा प्रश्नसंच जमवला, एकेक प्रश्न स्वतः रचून, टाइप करून, आकृत्या काढून. मग एका उन्हाळ्यात तिनं ती नोकरी सोडली आणि दिवाळीनंतर घरीच टेस्ट सिरीज सुरू करायचं ठरवलं. पोरांनी नावं दिली, वरच्या खोलीत बाकडी आली, पहिल्या पेपरचा रविवार ठरला. तिच्याजवळ भांडवल म्हणाल तर तो प्रश्नसंच.

घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस मी. म्हणजे असं मीच सांगितलं होतं.

नियमाप्रमाणे मी प्रश्नसंचाची दुसरी प्रत इंटरनेटवर ठेवायची व्यवस्था केली. खातं उघडलं, फोल्डर जोडलं, फाइली भराभर वर जाताना बायकोला बोलावून दाखवल्या. "हे समज आत्याचं कपाट," मी म्हणालो. खातं उघडताना त्यांनी पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडेल असा एक मोबाइल नंबर मागितला होता. स्वतःचा द्यायचा म्हणजे पुन्हा एकाच छपराखाली आलं. म्हणून मी आत्याचा दिला. स्वतःच्या दूरदृष्टीचं त्या दिवशी मला फार कौतुक वाटलं.

दिवाळीच्या आधी कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला. जागा भरली होती. साफसफाईचे दिवस होतेच. मी विचार केला, प्रश्नसंच वर ठेवलेलाच आहे, मग इथं कशाला अडगळ? आणि इथली प्रत पुसून टाकली, कॉम्प्युटरच्या कचरापेटीतूनही. पुसताना पडद्यावर एक भलामोठा मजकूर आला होता. खाली 'होय' असं लिहिलं होतं, त्यावर मी टिचकी मारली. कॉम्प्युटर सुरेख पळायला लागला.

तीन आठवडे तो तसाच पळाला. मग पहिल्या पेपरच्या आधीच्या मंगळवारी बायकोनं हाक मारली.

"अहो, माझा प्रश्नसंच कुठं गेला?"

"वर आहे, इंटरनेटवर."

"वरही नाही."

वर खरंच नव्हता. मला तोवर ठाऊक नव्हतं ते असं, की मी लावलेली व्यवस्था कपाट नव्हती. ती आरशासारखी होती. इथं जे असेल ते तिथं, आणि इथं नसेल ते तिथंही नाही. आत्याच्या भाषेत सांगायचं तर, आम्ही लातुरात पोलिओचं कार्ड फेकलं की तिनंही लगोलग उठून नांदेडातलं फेकायचं. त्या भल्यामोठ्या मजकुरात हेच लिहिलेलं होतं, असं मला नंतर कळलं. म्हणजे 'ठेवू का फेकू' त्यांनीही विचारलंच होतं.

मी घाबरून पहिलं काम काय केलं असेल, तर खात्यातून बाहेर पडून परत आत जायचा प्रयत्न. कुठलंही यंत्र बंद करून चालू केलं की सुधारतं, एवढंच माझं तंत्रज्ञान. बाहेर पडलो, पण आत जायला पासवर्ड हवा. पासवर्ड मी एका फाइलीत जपून लिहिला होता, आणि ती फाइल प्रश्नसंचाच्याच फोल्डरमध्ये होती.

बायको ओरडली नाही. ती बाकड्यावर बसली आणि म्हणाली, "रविवारी साठ पोरं येणार आहेत. त्यांना काय देऊ, चहा?"

मदतीच्या पानावर लिहिलं होतं की पुसलेलं सगळं त्यांच्या कचरापेटीत महिनाभर राहतं, मग कायमचं जातं. म्हणजे अजून आठवडा हाताशी होता. मी 'पासवर्ड विसरलो' वर टिचकी मारली. नांदेडच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, असं उत्तर आलं. मी सुटलो असं समजून फोन लावला.

"आत्या, तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील. तेवढे वाचून दाखवा."

पलीकडचा टीव्ही बंद झाला.

"कोण बोलून राहिलं?"

"मीच आत्या. लातूरहून."

"हाव का? ओटीपी कुणालाच सांगायचा नसतो."

तिच्या शेजारणीची पेन्शन असल्याच एका फोनवर गेली होती, आणि बँकेतल्या मुलीनं आत्याला समोर बसवून बजावलं होतं: घरच्या माणसाच्या आवाजात मागितला तरी द्यायचा नाही. आत्यानं आयुष्यभर पोरांकडून नियम पाठ करून घेतले. स्वतः एक पाठ करायला तिला काय वेळ लागणार?

"आत्या, मला काहीही विचारा. मीच आहे."

"सातवीत असताना माझ्याकडं कशापायी राहिलतास?"

"गणितात नापास झालो म्हणून."

"ते तर सगळ्या नांदेडला माहीत हाय."

"बरं, शेजारच्या काकूंना फोन द्या. त्या वाचतील."

"बघ," आत्या शांतपणे म्हणाली, "आता तर माझी खात्रीच झाली." आणि फोन ठेवला.

तिचा फोन बटणांचा. तोंड दाखवायची सोय नाही. पुढचे तीन फोन तिनं उचललेच नाहीत. बायको हे सगळं ऐकत होती. तिनं माझी पिशवी भरली.

बुधवारी सकाळच्या एसटीनं निघालो. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. वडील याच रस्त्यानं मांडीवर पिशवी घेऊन गेले होते, एवढं लोह्याच्या थांब्यावर आठवलं. त्यांनी दोन ठिकाणी एकेक प्रत ठेवली. मी दोन्ही ठिकाणची एका टिचकीत घालवली.

आत्यानं दार उघडलं, मला नीट पाहिलं आणि म्हणाली, "अरे, काल तुझ्या नावानं एका चोराचा फोन आलता."

"मीच होतो तो."

"आवाज लई घाबरलेला होता. तवाच वाटलं, चोर हाय."

चहा झाल्याशिवाय फोनला हात लावू देईना. मग मी माझ्या मोबाइलवरून ओटीपी मागवला, तिचा फोन टुणकन वाजला, आणि तिचा चष्मा सापडेना. देवघरात सापडला तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसऱ्यांदा मागवला. आत्यानं चष्मा लावला आणि आकडे मनातल्या मनात वाचले.

"सांगा ना आत्या."

"सांगणार न्हाई." तिनं फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि मान दुसरीकडे वळवली. "मी सांगितला न्हाई. तू वाचलास."

खातं उघडलं. कचरापेटीत सगळं होतं. मी 'परत आणा' म्हणालो, पण या वेळी आधी पडद्यावरचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. आत्यालाही वाचून दाखवला. ती "हाव" म्हणाल्यावरच टिचकी मारली. फाइली एकेक करून परत आल्या. बायकोला फोन केला.

"आलं सगळं."

"पेपर सात उघडा. पहिला प्रश्न वाचा."

मी वाचला. दोन संयुगांची नावं घेताना अडखळलो.

"पर्याय वाचा." तेही वाचले. "उत्तर काय?"

"आता हे मला कसं माहीत असणार?"

"'क' असंल," मागून आत्या म्हणाली. "येत नसलं की 'क'."

"आत्याबाईंना सांगा, ब आहे," बायको म्हणाली. बऱ्याच वेळानं तिचा आवाज सैल झाला होता. "आणि तुम्ही आता काहीही न पुसता घरी या."

रविवारी साठ पोरांनी पेपर दिला.

त्यानंतर बायकोनं तीन गोष्टी केल्या. जिथं इथलं पुसलं तरी तिथलं जात नाही अशी वेगळी व्यवस्था तिनं स्वतः लावली. खात्याला आत्याचाच नंबर ठेवला. मी बदलूया म्हणालो, तर म्हणाली, "राहू द्या. तुम्ही कुणालाही सांगून टाकाल." आणि सगळा प्रश्नसंच एका पेनड्राइव्हवर भरून नांदेडला पाठवला. तो आता आत्याच्या कपाटात वडिलांच्या पेन्शनच्या कागदाला आणि माझ्या पोलिओच्या कार्डाला लागून आहे.

पुढच्या दिवाळीत फोन आला. मी उचलला.

"हे बारकं काळं कायतरी हाय, कपाटात."

"आत्या, ते ठे..."

"तुला न्हाई विचारलं," आत्या म्हणाली. "सूनबाईला दे फोन."