मीटरच्या पेटीवरचा अंदाज

त्या दिवशी मी अंदाज पाहिलाच नव्हता. फक्त जुनी तारीख पुसून नवी घातली. आणि पुढे वर्षभर ती चूक मी हवामानवाल्यांच्या नावावर खपवली.

हिनकलमध्ये मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली घरमालकीण काकू एकट्याच असतात. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी म्हैसूरला आलेलं. मी नोकरीसाठी आलो. बायको आणि मुलगी पुण्यालाच राहिल्या. रोज सकाळी नंजनगूडच्या कारखान्याकडे निघालो की काकू अंगणातून विचारत, "काय रे, आज मळे येतं की नाही?" मळे म्हणजे पाऊस. त्यांच्या मराठीत निम्मं कानडी असतं. मी मोबाइलवर म्हैसूरचा अंदाज बघायचो आणि जिन्याखालच्या मीटरच्या पेटीच्या दारावर तारीख घालून खडूने लिहायचो. काकूंकडे मोबाइल नाही, जुना घरचा फोन आहे. दिवसभरात माझं कुणाशी मराठीत बोलणं व्हायचं ते एवढंच.

एप्रिलमध्ये येलवालहून त्यांची धाकटी बहीण यायची. दोघी मिळून कोहळा आणि लाह्यांचे सांडगे घालायच्या, गच्चीवर जुन्या साडीवर तीन दिवस वाळवायच्या. गेल्या वर्षी पहिल्या दिवशी संध्याकाळी मीही वर गेलो होतो. ढग कसा होतो हे त्यांना समजावत होतो. जमीन तापते, तिच्यालगतची दमट हवा हलकी होऊन वर चढते, वर जाईल तशी गार होते, आणि तिच्यातली वाफ धुळीच्या बारीक कणांना धरून थेंब होते. हे थेंब होणं एका ठरावीक उंचीवर सुरू होतं, म्हणून दुपारच्या ढगाचा तळ सपाट दिसतो.

"म्हणजे इडलीपात्राच्या झाकणासारखं, अल्वा? हो ना?" काकू म्हणाल्या.

बहीण हसली. "अक्का, तुझा भाडेकरू सुम्मने, उगाच बसून ढग मोजतो बघ. याला कारखान्यात पगार कशाचा देतात?"

किती दिवसांनी माझ्यावर कुणीतरी घरच्यासारखं हसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला उठायला उशीर झाला. पेटीच्या दारावर कालचं "आकाश निरभ्र" होतं. म्हटलं, कालच्यासारखंच तर असणार. तारीख बदलली आणि बससाठी पळालो.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाशी उभा होतो. उत्तरेला, म्हैसूरच्या अंगाला, एक ढग फुलकोबीसारखा वर वर चढत होता. पांढराशुभ्र माथा, खाली काळपट सपाट तळ. मोबाइलवर विजांसह पावसाचा इशाराही आलेला. काकूंचा नंबर माझ्याकडे होता. पण फोन केला असता तर सकाळी न बघता लिहिलं हे सांगावं लागलं असतं. मी मोबाइल खिशात ठेवला आणि हात धुवायला गेलो.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा गच्चीवर साडीवरच्या सांडग्यांचा लगदा झाला होता. काकू पाणी जायच्या भोकातून लाह्यांचा चिखल काढत होत्या. बहीण सकाळच्या बसने येलवालला परतली होती.

"ती जाताना म्हणत होती, अक्का, वारा पडलाय, उचलूया का. मी म्हटलं, त्याने लिहिलंय ना खाली." हे सांगताना त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल जराही राग नव्हता.

"हवामानवाल्यांचा अंदाज चुकला, काकू," मी म्हणालो. फार पटकन म्हणालो.

"अय्यो, राहू दे. आभाळाचं कोण काय सांगणार?"

पावसाळा संपायच्या आत बहीण वारली. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला कोरड्या राहिलेल्या मूठभर सांडग्यांचा डबा काकूंनी फळीवर ठेवला तो तसाच. त्या तळत नाहीत.

त्यानंतर मी रोज दोनदा अंदाज बघून लिहू लागलो. त्याने काही हलकं वाटेना. काकू पेटीपाशी थांबून माझी अक्षरं वाचत आणि मान हलवत. मी वरून बघायचो, खाली मात्र जायचो नाही. रविवारी मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, तिकडे पाऊस आहे का?" तेवढं सांगून झालं की दोघांकडेही बोलायला काही उरत नसे. मग मी गच्चीवर जाऊन बसायचो. ज्या जागी साडी अंथरलेली असायची, तिथे पाय पडू द्यायचो नाही.

या एप्रिलमध्ये एका सकाळी मी पेटीशी खडू घेऊन उभा असताना काकू मागे येऊन थांबल्या. काखेत कोहळा होता.

"यंदा एकटीच घालते. नीट बघून सांग हं. मागच्या वर्षी त्या मेल्यांनी तुला पण फसवलं, अल्वा?"

नेहमीसारखं "हो" म्हणून मोकळं होता आलं असतं. मी खडू पेटीवर ठेवला.

"काकू, त्यांनी नाही फसवलं. त्या दिवशी मी अंदाज बघितलाच नव्हता. आदल्या दिवसाचं तसंच ठेवून तारीख बदलली. दुपारी मला नंजनगूडहून ढग दिसला होता, तुमचा नंबर होता, तरी फोन केला नाही. आणि संध्याकाळी तुमच्याशी खोटं बोललो. दोघींच्या हातचे ते शेवटचे सांडगे माझ्यामुळे गेले. मला माफ करा."