चष्मेवाल्याच्या मागून कुणी म्हटलं नाही

त्याला सगळे चष्मेवाला म्हणत. बाजाराच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं. आतल्या बाजूला तो काच घासायच्या मशीनवर बसे, आणि पुढे काउंटरवर त्याची बायको. गिऱ्हाइकाच्या कानामागे काडी टोचतेय का, नाकावर फ्रेम घसरतेय का, हे बघायचं काम तिचं. गिऱ्हाइकांशी तो लोण्यासारखा मऊ बोले. बायकोशी बोलताना मात्र मशीनच्या घरघरीवर आवाज चढवायचा म्हणून चढवलेला आवाज मशीन बंद झाल्यावरही खाली येत नसे. "तुला कळतं काय?" हे त्याचं पालुपद. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते आणि त्याला तर ते आपण म्हणतो याचाही पत्ता नव्हता.

पण गळा! गळा देवानं सढळ हातानं दिला होता. दर रविवारी सकाळी सभागृहात देवीची गाणी व्हायची. देवी म्हणजे तिथे कुठली मूर्ती नव्हती. एक दिवा, आणि त्याच्याभोवती सतरंज्यांवर बसलेली माणसं. चष्मेवाला एक ओळ म्हणायचा आणि सगळं सभागृह मागून म्हणायचं. "उजेडाच्या आधी कोण होतं?" असं त्यानं खालच्या सुरात विचारलं, की माणसं डोळे मिटून उत्तर द्यायची, "तूच, माय, तूच." तो 'माय' असा म्हणायचा, की पुरुषांनाही हुंदका यायचा. सभागृहाची व्यवस्था बघणाऱ्या मावशी तर म्हणायच्या, "याच्या गळ्यात ती स्वतः येऊन बसते." हे ऐकलं की तो मान खाली घाली, पण आतून फुलून जाई.

त्या रविवारी सभागृह भरलं होतं. त्याची मुलगी, जी इस्पितळात नर्स होती, तीही सुट्टी काढून पुढच्या रांगेत बसली होती. नवा माईक आला होता, शर्टाच्या कॉलरला लावायचा, बोंडाएवढा. पहिल्या भागानंतर चहाची सुट्टी झाली. माणसं आपापल्या जागीच पेले घेऊन बसली आणि चष्मेवाला आतल्या खोलीत गेला. गाण्याचे कागद वाचायचा चष्मा तो घरी विसरला होता. चष्मेवालाच चष्मा विसरला म्हणून बायकोला थोडं हसू आलं होतं, पण ती तशीच घरी जाऊन चष्मा घेऊन आली होती. फक्त घाईत लांबचा आणला, जवळचा नाही.

त्यानं तो डोळ्यांना लावला आणि भडकला.

"हा? हा आणलास? जन्म गेला दुकानात आणि अजून जवळचा-लांबचा कळत नाही तुला?"

"एकाच खणात होते. पुन्हा जाऊन आणते."

"राहू दे! तुझ्यापेक्षा दगड बरा. दगड निदान उलट बोलत नाही. तुझ्या आईनं काय बघून गळ्यात बांधली कोण जाणे."

"अहो, हळू बोला. बाहेर माणसं आहेत."

"माणसं माझं गाणं ऐकायला आलीत, तुझं तोंड बघायला नाही. जा, मागे जाऊन बस. पुढे बसून माझा मूड घालवू नकोस."

ती गेली. त्यानं पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला, चेहऱ्यावर पुन्हा ती शांतता आणली आणि बाहेर येऊन दिव्यासमोर बसला. कागद दिसत नव्हते, पण गाणं पाठ होतं. डोळे मिटून त्यानं सुरुवात केली.

"माझ्या जिभेवर कोण बसली?"

मागून काहीच आलं नाही.

आपण वरच्या पट्टीत गेलो असू, असं वाटून त्यानं सूर उतरवला. पुन्हा तीच ओळ. पेटीवाल्याचा भाता थांबला होता. कुणीतरी पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला, बस्स. तिसऱ्यांदा त्यानं ओळ म्हटली. आणि तेवढ्यात अगदी मागून, दाराजवळून, एक बारीक, किंचित बेसूर आवाज आला.

"तूच, माय, तूच."

तो आवाज त्याच्या बायकोचा होता.

त्यानं डोळे उघडले. त्याची मुलगी चपला हातात घेऊन बाहेर निघाली होती. बाकीची माणसं सतरंजीकडे बघत होती. मावशी उठून जवळ आल्या, त्याच्या कॉलरचा माईक बोटांनी बंद केला आणि म्हणाल्या, "हा चालूच होता, बाबा. मघापासून."

मग त्याला आपलं एकेक वाक्य आठवायला लागलं. दगड. गळ्यात बांधली. तुझं तोंड. जणू दुसऱ्याच कुणाच्या तोंडून ऐकतोय अशी ती वाक्यं आता मोठमोठ्यानं ऐकू येत होती. दिव्यासमोर बसून राहवेना आणि उठून जायला पाय उचलेनात. तो इतका कानकोंडा झाला, की शेवटी पेटीवाल्यानंच त्याला दंडाला धरून उठवलं.

घरी जाताना दोघं चालत होती. तिच्या हातात त्याच्या कागदांची पिशवी होती.

"तू कशाला म्हटलंस?" त्यानं विचारलं.

"कुणीच म्हणत नव्हतं म्हणून. वाईट दिसत होतं."

"सगळ्यांनी ऐकलं गं."

"हो. त्यांना ते नवीन होतं," ती म्हणाली, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

तो आठवडा त्यानं मशीनमागे तोंड लपवून काढला. दारावरची घंटी वाजली की तो काचेवर आणखी खाली वाकायचा. एक जुनी गिऱ्हाईक बाई आली, तर तिनं त्याच्याकडे न बघता बायकोचा हात हातात घेतला आणि "सांभाळा हो" असं हळू म्हणाली. बायकोचा चेहरा लालबुंद झाला. ती बाई गेल्यावर तिनं काउंटर उगीचच दोनदा पुसला. आपल्यामुळे तिलाही लाज वाटतेय, हे त्याला तेव्हा प्रथम दिसलं. मुलीला फोन केला, तर तिनं उचलला नाही.

पुढच्या रविवारी तो सभागृहात उभा राहिला. हात जोडले. म्हणाला, "मी आईचं नाव ज्या जिभेनं घेतो त्याच जिभेनं घरात विष ओकलं. मी तुमचा अपराधी आहे." त्याचा आवाज भरून आला आणि माणसं विरघळली. कुणी डोळे टिपले, कुणी "झालं गेलं विसरा" म्हणालं. त्याला हलकं वाटलं. पण मान वर करून बघतो, तर बायको जागेवर नव्हती.

ती आत पेले विसळत होती.

"मी माफी मागितली," तो दारातून म्हणाला.

"ऐकलं. त्यांची मागितलीत."

"मग तुझीही मागतो. हे बघ, मी अगदी मनापासून..."

"आत्ता नको," तिनं नळ बंद केला. "आत्ता तुम्ही गाण्याच्या आवाजात बोलताय."

त्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं. कारण ते खरं होतं. हात अजून जोडलेले होते, आणि ते आता कुठे ठेवावेत हेही त्याला कळेना. शेवटी त्यानं फडकं उचललं आणि पेले पुसायला घेतले. एक पेला त्यानं नीट पुसला नव्हता, तो तिनं परत विसळला.

त्यानंतर त्यानं पुढे बसून गायचं सोडलं. लोकांनी आग्रह केला, मावशींनी समजावलं, पण 'माय' हा शब्द एकट्यानं उच्चारायची हिंमत होईना. आता पुढे पेटीवाला म्हणतो आणि चष्मेवाला चौथ्या-पाचव्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर मागून म्हणतो.

जीभ काही एका दिवसात सुधारली नाही. "तुला कळतं..." एवढं तोंडून निसटतंच. मग तो थांबतो, आणि मशीन बंद करून जे विचारायचं ते साध्या शब्दांत विचारतो. बायको हातातलं काम थांबवून वाक्य कुठे जातंय ते बघते. मुलगी आता फोन उचलते, पण "आईला दे" म्हणते.

बायको कधी सभागृहात येते, कधी येत नाही. तो विचारत नाही. मध्ये एकदा आली होती. गावात नव्यानं राहायला आलेल्या एका आजींनी गाणं संपल्यावर तिला थांबवलं. म्हणाल्या, "मागे बसतात ते तुमचे यजमान ना? काय गोड गळा! तुमचं नशीब थोर बाई, दिवसभर असा आवाज कानावर पडतो."

चष्मेवाला चपला घालत होता. तो तसाच वाकलेला राहिला.

"गळा चांगला आहे त्यांचा," बायको म्हणाली, आणि आजींना जिना उतरायला हात दिला.