मधल्या सुट्टीतला दयाराम

कुंदाबाई मेश्राम यांनी जबलपूरच्या एका सरकारी मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, पण पोरींच्या लक्षात त्या राहिल्या डब्यामुळे. गणितामुळे लक्षात राहणारे शिक्षक वेगळे, त्यांची नावं पोरी दात-ओठ खाऊन घेतात. कुंदाबाई सहावीच्या वर्गात रोज मधल्या सुट्टीत एका नव्या पोरीशेजारी बाकावर जाऊन बसायच्या. तिच्या डब्यातला एक घास खायचा, आपल्या डब्यातला एक तिला द्यायचा. बेचाळीस पोरी, बेचाळीस दिवस, मग पुन्हा पहिल्या बाकापासून. स्टाफरूममध्ये काही जणी नाकं मुरडायच्या. कुंदाबाईंच्या लहानपणी शाळेत त्यांच्या डब्याला कधी कोणी हात लावला नव्हता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना न सांगता कळलं होतं.

नोकरीचं शेवटचं वर्ष उजाडलं ते नेमकं महामारीचं. शाळेला कुलूप आणि सहावीचा वर्ग फोनवर. घरच्या जेवणाच्या टेबलावर पिठाच्या डब्याला फोन टेकवून कुंदाबाई अपूर्णांक शिकवू लागल्या. समोर पोरींचे चेहरे नव्हतेच. काळे चौकोन, आणि त्यावर नावं पोरींच्या बापांची, कारण फोन बापांचे. कोणाच्या चौकोनावर तर नुसतं फोनच्या कंपनीचं नाव. वर्गात एखादीला गणित कळलं नाही की ती वहीच्या कोपऱ्यात फुलं काढायला लागते, हे कुंदाबाईंना फळ्याकडे तोंड असतानाही समजायचं. इथं बेचाळीस जणी फुलं काढत असल्या तरी कळायला मार्ग नव्हता. ही आपली शेवटची तुकडी, आणि आपण हिला न बघताच घरी बसणार, हे त्यांना पटत नव्हतं.

मग त्यांनी एक वेडेपणा केला. साडेबाराला तास संपला की फोन बंद करायचा नाही. "अब मधली सुट्टी. अपना-अपना डब्बा लेके बैठो," त्यांनी पोरींना सांगितलं आणि स्वतः ताट वाढून फोनसमोर बसल्या. पहिल्या आठवड्यात चार-पाच पोरी थांबल्या. पण बापाचा फोन तो, बापाला हवाच असतो. महिन्याभरात "बाय मैडम, बाय मैडम" करत सगळे चौकोन विझायला लागले.

राहिला फक्त एक. दयाराम.

हा दयाराम तासाला कधी नसायचा. पोरी निघायला लागल्या की हा उगवायचा. तोंड दाखवायचा नाही, बोलायचा नाही, अर्धा तास बसायचा आणि एकदम गायब व्हायचा. हजेरीत ज्यांचा पत्ताच नव्हता अशा पाच-सहा जणी होत्या, त्यांतल्या एखादीचा बाप असेल म्हणून कुंदाबाई पदर सावरून म्हणायच्या, "दयारामजी, फोन बच्ची को दीजिए." चौकोन काळाच राहायचा. तरी त्यांनी कधी त्याला काढून टाकलं नाही. कोणी तरी आहे, एवढंही त्या दिवसांत पुष्कळ होतं.

गुणवंतरावांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, चेष्टेला विषय मिळाला. "कोन आहे व हा दयाराम? चाळीस वर्षांत माह्यासंग तू अशी बसून जेवली नाही, अन् याच्यासमोर काहून रोज जेवून राहिली?"

"तुमच्यापेक्षा बरा आहे. मीठ कमी पडलं म्हणत नाही," कुंदाबाई म्हणायच्या. पण एखाद्या दिवशी दयाराम आला नाही तर त्यांचं जेवण अर्ध्यावर राहायचं, हे गुणवंतरावांनी पाहिलं होतं.

मार्चअखेर आली. शेवटचा तास झाला, पोरींनी "थैंक यू मैडम"चा गलका केला, आणि चौकोन एकेक करून विझले. दयाराम आला. कुंदाबाईंनी ताट वाढून घेतलं, पण भात नुसता चिवडत बसल्या. गुणवंतराव पाठीशी येऊन उभे राहिले, चष्मा वर करून फोनकडे बघत म्हणाले, "अन् हा कोपऱ्यात लाल आकडा कायचा आहे?"

"असेल काही तरी. नेहमीच असतो."

गुणवंतरावांनी बोट लावलं. आत अक्षरं होती. कोणी तरी लिहीत होतं, हिंदीत, एकेक ओळ.

"मैडम नमस्ते, मैं शरयू."

"पापा नाव लेके दोपहर को आते हैं, तब फोन मिलता है. पानी में गिरा था, आवाज नहीं जाती."

"आज भात और मछली है. आपका कौर अलग रखा है."

शरयू गजभिये. गाव बरगी. हजेरीत वर्षभर तिच्या नावापुढे कुंदाबाईंनी स्वतःच्या हातानं गैरहजर लिहिलं होतं. बाप धरणाच्या पाण्यात मासे धरणारा. मोठी बहीण विनता आठ वर्षांपूर्वी याच शाळेत शिकलेली. पुढच्या ओळीत तेही होतं: "विनता दीदी बोली थी, छठी में मैडम बाजू में बैठके खाती हैं. इसलिए मैंने यहीं नाम लिखाया."

कुंदाबाईंनी बोटानं ओळी मागे सरकवल्या. मागे काही नव्हतं. त्या दिवसाचं त्या दिवशी पुसलं जातं, हे त्यांना तेव्हा कळलं. म्हणजे वर्षभर ही पोर रोज काय जेवली ते सांगत होती, रोज एक घास बाजूला काढत होती, आणि आपण तिच्यासमोर बसून तिच्या बापाला हाका मारत होतो! त्यांनी "बेटा" एवढं लिहिलं, पुढचं अक्षर सापडेपर्यंत चौकोन विझला. बापाला फोन हवा असेल. कुंदाबाई ताटावर बसून रडल्या, आणि गुणवंतरावांना त्या दिवशी चेष्टा सुचली नाही.

संध्याकाळी त्यांनी रजिस्टरातल्या नंबरावर फोन लावला. पलीकडे कोणी तरी फोन उचलला, पण तिकडचा आवाज इकडे येत नव्हता. "मैं शरयू की मैडम," एवढं कुंदाबाई म्हणेपर्यंत फोन ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी रजिस्टर नव्या बाईंच्या हवाली झालं.

सप्टेंबरात शाळा उघडली. पेन्शनच्या कागदावर एक सही राहिली होती म्हणून कुंदाबाई शाळेत गेल्या. खरं तर ती सही गुणवंतरावही आणू शकले असते. ऑफिसातून निघाल्या तोच मधल्या सुट्टीची घंटा झाली, आणि पाय आपोआप त्या पोरींच्या वर्गाकडे वळले. पोरी आता सातवीत होत्या. एका बाकावर एक पोर, तोंडाला मास्क. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, डबा कोणी वाटून खायचा नाही. यांतली शरयू कोणती? चेहरा तर त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

दारातूनच त्यांनी हाक मारली, "दयाराम?"

सगळा वर्ग हसला. शेवटच्या बाकावरची एक काळीसावळी, काडीसारखी पोर मात्र ताडकन उभी राहिली. "हजर, मॅडम!" घरात कानांवरून गेलेली मराठी तिनं जपून वापरली, आणि डब्यासकट भिंतीकडे सरकून अर्धा बाक मोकळा केला.

कुंदाबाईंनी फळ्याकडे पाहिलं. मग टेबलाशी बसलेल्या नव्या बाईंकडे. नव्या बाई खिडकीबाहेर बघू लागल्या. कुंदाबाई बसल्या. शरयूनं झाकणावर काढून ठेवलेला घास पुढे केला. भात होता, गार झालेला. कुंदाबाईंनी तो खाल्ला. मास्क हनुवटीवर ओढून पोर त्यांच्याकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "आता तुमचा."

कुंदाबाईंचा हात पिशवीत गेला. पिशवीत पेन्शनचे कागद होते. तीस वर्षांत आज पहिल्यांदा त्या शाळेत डबा न घेता आल्या होत्या.

"उद्या आणते," त्या म्हणाल्या.

"जी मॅडम." उद्या मॅडम येणार, यात त्या पोरीला शंका घेण्यासारखं काहीच वाटलं नाही.

फाटकावर तुळशीराम होता, शाळेचा जुना शिपाई. कुंदाबाईंचे डोळे बघून तो उठून उभा राहिला. "क्या हुआ मैडम? साइन रह गया क्या?"

"सही झाली रे," कुंदाबाई म्हणाल्या. "घास राहिला."