'नाही' आणि 'अजून नाही' : हेमलताताईंच्या हाताखाली शिकताना

हेमलताताई परचुरे यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझे काम परत पाठवले त्या दिवशी. मी तेव्हा एका लहान कंपनीची नोकरी माणगावच्या घरी बसून करत होतो. लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे यंत्रात सर्वांत खालच्या थरावर चालणाऱ्या प्रणालीसाठी, मी एका नेटवर्क चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, लिहिला आणि जगभरच्या जाणकारांनी तपासावा म्हणून तो ईमेलने पाठवला. दुसऱ्या दिवशी इंग्रजीत एका ओळीचे उत्तर आले : "ही चिप बोर्डावर कशी जोडली आहे, हे तुमच्या ड्रायव्हरला कोणी सांगितले?"

कोणीच सांगितले नव्हते. माझ्या टेबलावरच्या सर्किट बोर्डावर ती जशी जोडलेली होती, तसेच मी ड्रायव्हरमध्ये लिहून टाकले होते. उत्तर देणाऱ्या बाई परदेशात राहत असतील असे मी धरून चाललो होतो. तिसऱ्या पत्राच्या तळाशी मात्र मराठी ओळ होती : "सहीखाली माणगाव दिसलं. मी दिवेआगरला असते. रविवारी या, समोर बसून बोलू."

म्हसळ्यामार्गे मोटारसायकलने गेलो. मुंबईतली नोकरी सोडून ताई माहेरच्या वाडीत राहायला आल्या होत्या. वादळाने सुपारीची निम्मी झाडे नेली होती आणि नवी रोपे जेमतेम गुडघाभर झाली होती. ओटीवर बसवून त्यांनी मला पहिला धडा दिला.

"कर्नल एक आणि बोर्ड शेकडो. कुठल्या बोर्डावर काय बसवलंय, ते सांगणारी एक वर्णनाची फाइल असते, डिव्हाइस ट्री. जोडणी कशी आहे, चिपचा स्वतःचा नेटवर्क पत्ता कुठे ठेवलाय, सगळं तिथे लिहायचं. ड्रायव्हरनं ते वाचायचं. मनानं काही ठरवायचं नाही."

संध्याकाळपर्यंत आम्ही एकेक ओळ तपासली. मधे त्यांनी घावन केले, मी नारळ खवून दिला. त्यानंतर बहुतेक रविवार असेच गेले.

ताईंच्या मायेचा एक प्रसंग आधी सांगतो. माझे वडील मुंबईच्या रुग्णालयात होते आणि माझे काम अर्धवट पडले होते. ताईंनी ते पुरे केले. लेखक म्हणून नाव माझेच ठेवले. शिवाय मांडव्याहून बोटीने वडिलांना भेटायला आल्या. आपला मुलगा दिवसभर काय करतो, हे वडिलांना कधीच उमगले नव्हते. ताईंनी पलंगाशी बसून, औषधांच्या खोक्याच्या मागे चित्रे काढून त्यांना ते समजावले. वडील ते खोके घरी घेऊन आले.

आता त्यांच्या सचोटीविषयी. माझ्याच चुकीचा प्रसंग आहे.

तीच चिप आणि माझा ड्रायव्हर असलेले, एकाच नेटवर्कवर जोडलेले आमच्या कंपनीचे दोन डबे दिवेआगरजवळच्या एका कोळीवाड्यात बसवले होते, एक मच्छीमार सोसायटीत आणि एक बर्फाच्या कारखान्यात. वाऱ्याचा इशारा आला की सोसायटीतला डबा भोंगा वाजवी आणि तिथला कारकून बिनतारी यंत्रावरून होड्यांना परत बोलावी. एका दुपारी वीज जाऊन आली, दोन्ही डबे एकदम सुरू झाले आणि तासाभराने आलेला इशारा सोसायटीत पोहोचलाच नाही. दोन होड्या वाऱ्यात सापडल्या. माणसे सुखरूप परतली, पण एका होडीचे जाळे गेले.

कारण शोधायला मला चार दिवस लागले. प्रत्येक डब्याचा नेटवर्क पत्ता आतल्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो, हे वर्णनात नीट लिहिलेले होते. पण वीज आली तेव्हा ती मेमरी चिप अजून तयार झालेली नव्हती. 'थोड्या वेळाने परत विचार' असे उत्तर कर्नल देत होता. माझ्या ड्रायव्हरने त्याचा अर्थ 'पत्ता नाही' असा घेतला आणि सगळ्या चिपांत सारखाच असलेला नमुन्याचा पत्ता लावला. दोन्ही डब्यांचा पत्ता एकच झाला आणि एकाचे निरोप दुसऱ्याकडे गेले.

मी ताईंना फोन केला. "दुरुस्ती तयार आहे. गुपचूप पाठवून देतो."

"पाठवा," ताई म्हणाल्या, "पण गुपचूप नाही. उद्या कोळीवाड्यात जाऊ."

सोसायटीच्या ओट्यावर पंधरावीस माणसे जमली होती. मी अडखळत सगळे सांगितले. जाळे गेलेल्या होडीवर जिचा नवरा होता, ती जनाबाई पुढे आली. "म्हंजे डबा बिघडला नव्हता? तुमीच त्याला चुकीचं शिकवलंव?"

"व्हय," मी म्हणालो.

तेवढ्यात ताई उभ्या राहिल्या. "यांनी लिहिलं, पण तपासून बरोबर आहे अशी सही मी केली होती. 'नाही' आणि 'अजून नाही' यातला फरक माझ्याही नजरेतून सुटला." त्याच सकाळी जगभरच्या सहकाऱ्यांनाही त्यांनी हेच लिहून कळवले होते, हे मला नंतर समजले. तीस वर्षांची प्रतिष्ठा असलेल्या माणसाने असे लिहिणे सोपे नसते.

जनाबाईने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "आता वाजंल ना?"

"वाजेल."

"नुसतं सांगू नका," ताई म्हणाल्या, "वाजवून दाखवा."

मी दोन्ही डब्यांत दुरुस्ती भरली. मग कारखान्यातल्या माणसाला फोनवर ठेवून आम्ही दोन्हीकडची वीज एकदम घालवली आणि आणली, वीस वेळा, आणि दर वेळी चाचणीचा एक इशारा पाठवला. मेमरी चिप तयार होईपर्यंत ड्रायव्हर आता थांबत होता. वीसही वेळा भोंगा वाजला. विसाव्यांदा जनाबाई कानांवर हात ठेवून ओरडली, "पुरे की आता!" सगळा ओटा हसला. कंपनीने जाळ्याचे पैसे भरून दिले; त्यासाठीचे पत्र ताईंनी माझ्याकडून तीनदा लिहून घेतले.

त्या दिवसापासून मी कोणाचे काम तपासून सही करतो तेव्हा माझा हात क्षणभर थांबतो. ताईंकडून मिळालेले हे माझे सर्वांत मोठे शिक्षण.

साठाव्या वर्षी ताईंनी पोहायला शिकायचे मनावर घेतले आहे. "समुद्राकाठी जन्मले, पण कमरेच्या वर पाण्यात कधी गेले नाही," असे त्या परवा हसत सांगत होत्या. सध्या छातीभर पाण्यात पाय उचलण्यापर्यंत प्रगती आहे. त्यांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, छातीत भरपूर दम राहो, आणि येत्या थंडीत एका शांत सकाळी त्यांचे पाय वाळूवरून सुटोत.