तिने माझ्यासाठी म्हटलं

वंदना म्हणताना माझं मन रिकामं असतं, हे मी बरेच महिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मी लहानपणापासून विहारात वाढलेली. वडिलांनी मांडीवर बसवून पंचशील शिकवलं होतं. पण गेल्या वर्षी, सत्तेचाळीस वर्षांची असताना, ओठ गाथा म्हणत आणि डोक्यात मात्र सासूबाईंच्या औषधाची वेळ, कुकर, ऑफिसात तुंबलेलं टपाल हेच चालू असे. शेजारच्या बायका डोळे मिटून शांत बसलेल्या दिसत. मला वाटे, आपल्यातलंच काहीतरी आटलंय.

घरात तसं मोठं दुःख नव्हतं, म्हणून तर बोलायची लाज वाटे. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. हे ओझरच्या कारखान्यात, पहाटेच्या बसने जाणारे. मुलगी बारावीला. आई, म्हणजे सासूबाई, बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून अंथरुणावर. मी ऑफिसात असताना शेजारीण डोकावून जाई, बाकी त्यांचं सगळं मी करायची, कुरकुर न करता. हे मदतीला आले तरी मीच म्हणायची, ‘राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं.’ मग झोप उडाली. बसल्या जागी छाती धडधडायची, अंगातून वाफा निघायच्या. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, पाळी जायचं वय आहे म्हणाले, टेन्शन घेऊ नका म्हणाले. एका सकाळी मुलीने नुसतं विचारलं, ‘मम्मी, माझा पांढरा दुपट्टा कुठंय?’ आणि मी ओट्याखाली फरशीवर बसून हुंदके देऊन रडले. ती बिचारी घाबरून दुपट्टा न घेताच क्लासला गेली.

त्यानंतर काही दिवसांनी पौर्णिमा होती. दुपारी आईंजवळ नणंद येऊन बसणार होती, तेवढ्यात विहारात जाऊन यावं म्हणून मी ऑफिसातून लवकर निघाले. हायवेवरून घराकडे वळायचं वळण आलं आणि मी वळलेच नाही. ठरवून नव्हे. स्कूटर पुढे जात राहिली आणि मीही. घरी जायचं नाही, एवढंच वाटत होतं. मग कुठे जायचं, पुढे काय करायचं, याचं उत्तर नव्हतं आणि त्याची भीतीही वाटत नव्हती. आज आठवलं की त्या न वाटलेल्या भीतीचीच भीती वाटते. समोर त्रिरश्मी लेण्यांचा डोंगर आला, तिथे स्कूटर लावली आणि चढायला लागले.

अर्ध्यावर श्वास अडकला. हातापायांना मुंग्या, डोळ्यांपुढे अंधारी. आता मी मरते, असं वाटून मी पायरीवरच बसले. तेवढ्यात पाठीवर एक हात आला. पांढऱ्या साडीतली, साठीच्या पुढची बाई. चांदवडकडच्या एका गावातून महिला मंडळाबरोबर आली होती. तिने बरोबरच्या बायकांना ‘तुम्ही व्हा पुढं’ म्हणून सांगितलं आणि माझ्याजवळ टेकली.

“जयभीम ताई. काय व्हतंय?”

“काही नाही. चढाने दम लागला.”

“चढानं डोळ्याला पानी येत नाय,” ती म्हणाली. “रडून घे. मला काय घाई नाय.”

मी रडले. तिचा हात पाठीवरून फिरत राहिला. श्वास जागेवर आला तशी पिशवीतली दशमी काढून अर्धी माझ्या हातावर ठेवली. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं, हे तेव्हा लक्षात आलं.

मग आम्ही हळूहळू वर गेलो. लेण्यात बुद्धमूर्तीपुढे तिने मला शेजारी बसवलं आणि म्हणाली, “मैत्री म्हनू. आधी सोतासाठी, मग बाकीच्यांसाठी.” मैत्रीभावना मला पाठ होती. सगळे प्राणी सुखी होवोत, हे मी शेकडो वेळा म्हटलं असेन. पण ‘मी सुखी होवो’ म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. तिने वाट पाहिली. मग माझा हात आपल्या हातात घेऊन, मूर्तीकडे बघत तीच म्हणाली, “ही सुखी होवो. ही निरोगी होवो. हिची भीती जावो.” माझं नावही तिला ठाऊक नव्हतं. त्या गार दगडी अंधारात आत काहीतरी सैल झालं.

उतरताना ती म्हणाली, “माझ्या लेकीला असंच झालं व्हतं. आम्ही लय उशिरा दवाखाना केला. मनाचा डॉक्टर असतो, बाई. तू उशीर करू नको. आज घरी सांग.”

त्या संध्याकाळी मी यांना सांगितलं, “अहो, मला बरं नाहीये. शरीराचं नाही, मनाचं.” हे म्हणाले, “मला दिसत होतं गं. कसं विचारावं कळत नव्हतं.” त्याच आठवड्यात सुट्टी टाकून ते माझ्याबरोबर आले. डॉक्टरांनी काही महिने गोळ्या दिल्या. समुपदेशक मॅडमकडे मी अजून जाते. आईंना आंघोळ घालायला आता एक ताई येतात आणि रात्रीचा स्वयंपाक हे करतात, बऱ्यापैकी खारट.

ती बाई पुन्हा भेटली नाही. नाव विचारायचं राहिलं. त्या दिवशी तीच का मागून आली, याचा मी आता शोध घेत नाही, हात जोडते. शरण जातो, असं आपण रोज म्हणतो. मला शरण म्हणजे फक्त नमस्कार वाटायचा. आपल्याला एकटीला झेपत नाही, हे कबूल करून पुढे आलेला हात धरणं हीदेखील शरणागतीच, हे मला त्या डोंगरावर कळलं. वंदनेत अजूनही कधी मन भटकतं. भटकू देते.

गुरुवारी संध्याकाळी मॅडमकडे जायचं असतं. परवा निघताना माझा पाय घुटमळला. आईंनी उशीवरून मान वळवली.

“आमच्या वेळी असं कुणापाशी बोलायची सोय नव्हती गं,” त्या म्हणाल्या. “तू जा. सावकाश ये. मी काय, इथंच आहे, कुठं पळून जातेय!”

आम्ही दोघी किती दिवसांनी एकदम हसलो.